रोज दहा शब्द पाठ करून काय होतं?

लातूरच्या किंवा नांदेडच्या कुठल्याही बऱ्या पुस्तकाच्या दुकानात शिरा. गाइडं आणि प्रश्नसंचांच्या ढिगाशेजारी 'इंग्रजी सुधारा' छापाचा एक कप्पा हमखास दिसेल. नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड इझी' असतं (मूळ पुस्तक १९४९ चं, पण अजून काय खपतं!), रेन आणि मार्टिनचं व्याकरण असतं (ते त्याहून जुनं, १९३० च्या दशकातलं), रॅपिडेक्स असतं, आणि स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी समानार्थी, विरुद्धार्थी शब्दांच्या नि वाक्प्रचारांच्या याद्या असतात. पुस्तक घेणारी पोरं बहुतेक एकच संकल्प करून घरी जातात. उद्यापासून रोज दहा शब्द. म्हणजे वर्षाला तीन हजार सहाशे पन्नास. झालं काम!

हिशेबात चूक नाही. मेहनतीत तर नाहीच नाही. आणि तरीही वर्षभराने त्याच पोराला कुणी सहज म्हटलं, की बाबा रे, तू काल दिवसभरात काय केलंस ते इंग्रजीत सांग, तर दोन वाक्यांनंतर गाडी अडते. इंटरव्ह्यू घेणाऱ्यांच्या बाजूला बसलं की हे फार जवळून दिसतं. समोरचा मुलगा अहमदपूरचा नाहीतर मुखेडचा. कोड चोख लिहितो. 'अॅम्बिग्युअस'चा विरुद्धार्थी शब्द विचारा, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण 'प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं आणि तुम्ही ते कसं निस्तरलं?' एवढं विचारलं की तो आधी मान खाली घालतो. त्याला उत्तर येत असतं हो! नुसतं इंग्रजीत येत नसतं. आणि पॅनेलवरचा एखादा शहाणा कागदावर लिहून मोकळा होतो, 'कम्युनिकेशन वीक'. एवढ्या दोन शब्दांवर कुणाची तरी नोकरी जाते, म्हणून हा विषय मला नुसत्या भाषेच्या हौसेचा वाटत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. रोज सराव करण्याची सवय ही आपल्या भागाची मोठी कमाई आहे. ती अजिबात सोडू नये. पण इंग्रजीच्या बाबतीत आपण ती सवय चुकीच्या मालावर खर्च करतोय. शब्दांची यादी हा तो चुकीचा माल.

आता सविस्तर.

'लातूर पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय अशा ठिकाणांहून बारावीच्या गुणवत्ता यादीत एकामागून एक मुलं झळकायला लागली तेव्हा पुण्या-मुंबईचे लोक चक्रावले होते. त्यांच्यातल्या काहींनी लगेच 'घोकंपट्टी' म्हणून नाक मुरडलं. जवळून पाहिलं तर त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रमाचे बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यावर चाचणी घ्यायची, पेपर तपासून परत द्यायचा, चुकलेलं पुन्हा सोडवायला लावायचं, आणि हे वर्षभर न कंटाळता करायचं. शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हे स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याची मराठी वाचकांना ओळख करून देणारं पुस्तक त्यांनी लिहिलं, आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघालं तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच झाले. सांगायचा मुद्दा असा, की आपल्याकडे इंग्रजीचं वावडं कधीच नव्हतं.

आणि नाक मुरडणाऱ्यांसाठी एक गंमत. २००८ मध्ये कार्पिकी आणि रॉडिगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग छापला. कॉलेजच्या मुलांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द त्यांच्या इंग्रजी अर्थासकट पाठ करायला दिले. एखादा शब्द एकदा बरोबर आला, की त्यानंतर काही जणांना तो नुसता पुन्हा पुन्हा वाचायला दिला, आणि काही जणांची त्यावर पुन्हा पुन्हा चाचणी घेतली. आठवड्याने तपासलं तर चाचणीवाल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवत होते आणि नुसतं वाचणाऱ्यांना ३६ टक्क्यांच्या आसपास. थोडक्यात काय, तर वाचून पक्कं होत नाही, डोक्यातून ओढून बाहेर काढल्याने पक्कं होतं. लातूरचे मास्तर हे कितीतरी वर्षं आधीपासून करत होते. त्यांनी पेपर छापला नाही, एवढंच :)

म्हणजे पद्धत बरोबर आहे. मग इंग्रजीत घोडं अडतं कुठे?

वाक्प्रचारांची यादी उघडून बघा. पहिल्या पानावर बहुधा 'इट इज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' भेटतं. अर्थ, मुसळधार पाऊस पडणे. आता हे पाठ करणारी मुलं कुठली? लातूरची! एप्रिल २०१६ मध्ये जिथे मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते लातूर. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा वॅगनमध्ये पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावायची वेळ आली होती. त्या वर्षी देशभरातले पत्रकार लातुरात उतरले. त्यांच्यापैकी कुणी आपल्याला गाठून इंग्रजीत विचारलं असतं की कसे दिवस काढताय, तर आपल्याला कुठले वाक्प्रचार लागले असते? 'रन आउट ऑफ', म्हणजे एखादी गोष्ट संपून जाणे. 'क्यू अप', म्हणजे रांग लावणे. 'मेक डू विथ', म्हणजे आहे त्यात भागवणे. 'वी हॅड रन आउट ऑफ वॉटर. पीपल क्यूड अप फॉर आवर्स. वी मेड डू विथ टू बकेट्स अ डे.' तीन वाक्यं. एकही अवघड शब्द नाही. पण यादीतला माणूस इथे अडतो, कारण त्याच्या यादीत बादली येते ती फक्त 'किक द बकेट'मध्ये, म्हणजे मरण्याच्या अर्थाने. (आणि तो वाक्प्रचार कुणाच्या आजोबांबद्दल बोलताना वापरला तर काय होईल, ते मी सांगायला नको.)

यादीची अडचण ही आहे. ती परीक्षेसाठी बनलेली असते, बोलण्यासाठी नाही. प्रश्न सोपा पडू नये म्हणून परीक्षा घेणारा क्वचित भेटणारा शब्द शोधतो, आणि आपण त्यालाच 'चांगलं इंग्रजी' समजून बसतो. अमेरिकेच्या वारीसाठी लागणाऱ्या जीआरई परीक्षेपायी तर एका पिढीने हजारो शब्दांच्या याद्या घोटल्या. त्याच परीक्षेने ऑगस्ट २०११ मध्ये विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाधर्म्याचे प्रश्न काढून टाकले आणि वाक्यात, उताऱ्यात शब्द कसा बसतो त्यावर भर दिला. परीक्षा बदलली, आपल्या याद्या मात्र आहेत तिथेच आहेत.

मग सराव कशाचा करायचा? याचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. ते आपल्याच अकरावीच्या वर्गात आहे.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं पोर आठवा. त्याने 'वेग', 'त्वरण', 'बल', 'संवेग' असं विज्ञान शिकलेलं असतं. (२००० पासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी विषय आला, त्याआधी तो पाचवीपासून असायचा. पण विषय असणं वेगळं आणि माध्यम असणं वेगळं.) अकरावी सायन्सला सगळंच एकदम इंग्रजीत. पहिले काही आठवडे वर्गात काय चाललंय ते कळत नाही. आणि दिवाळीपर्यंत? 'व्हेलॉसिटी', 'अॅक्सिलरेशन', 'मोमेंटम' त्याच्या तोंडात इतके बसलेले असतात, की 'त्वरण' म्हटलं तर त्यालाच आठवायला वेळ लागतो. वर्षभरात हा मुलगा फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे शेकडो इंग्रजी शब्द पचवतो. एकही शब्दसंग्रहाचं पुस्तक न घेता!

हे कसं होतं? कारण तो 'अॅक्सिलरेशन' पाठ करत नाही, तो त्याची गणितं सोडवतो. तोच शब्द आज या गणितात येतो, उद्या त्या आलेखात, परवा चाचणीत. प्रत्येक वेळी त्याला त्या शब्दाने काहीतरी काम करायचं असतं. आणि शब्द एकटा येत नाही, आपली भावकी घेऊन येतो. 'कॉन्स्टंट अॅक्सिलरेशन', 'अॅक्सिलरेशन ड्यू टु ग्रॅव्हिटी', 'अॅट रेस्ट', 'विथ रिस्पेक्ट टु'. मुलगा ही अख्खी जोडगोळी उचलतो. म्हणून तर ज्याला 'मला अर्धा तास झाला, मी थांबलोय' हे इंग्रजीत सांगता येत नाही, तो 'अ बॉडी स्टार्टिंग फ्रॉम रेस्ट' बिनचूक म्हणतो. एका इंग्रजीचा त्याने रोज वापर केला, दुसऱ्याची नुसती यादी केली.

आणि शिक्षणाची भाषा बदलून घेणं मराठवाड्याला नवीन नाही. निजामाच्या राज्यात वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये सुरू झालं ते उर्दू माध्यम घेऊनच, आणि विज्ञानाची, कायद्याची पुस्तकं उर्दूत आणायला सरकारने खास भाषांतर खातं काढलं होतं. सप्टेंबर १९४८ मध्ये राज्य भारतात आलं, पुढे मराठी माध्यम आलं, मग इंग्रजी आणि सेमी-इंग्रजी. आपल्याकडे अशी कितीतरी घरं सापडतील जिथे आजोबा उर्दूतून शिकले, वडील मराठीतून आणि नातू इंग्रजीतून. तीन पिढ्या, तीन माध्यमं. तेव्हा 'आमच्या भागातल्या पोरांना भाषा जमत नाही' असं कुणी म्हणालं, तर त्याला हा इतिहास जरूर सांगा.

इतिहास कशाला, नांदेडच्या मोंढ्यात चक्कर मारा. आडतीवरचा मुनीम घरी मराठी बोलतो, हमालाशी दख्खनीत बोलतो, धर्माबाद-बिलोलीकडचं गिऱ्हाईक आलं तर तेलुगूत भाव सांगतो, आणि गुरुद्वाऱ्याला आलेल्या यात्रेकरूंची पंजाबी ऐकून ऐकून त्याला तीही थोडीफार कळते. तिकडे उदगीर-निलंग्याकडे हीच गत कन्नडची. यातल्या कुणी 'तेलुगूचे पाचशे वाक्प्रचार' पाठ केले होते? दख्खनीतलं 'नक्को' आणि 'हल्लू' हे तर आपल्याच 'नको' आणि 'हळू'चे वंशज. शेजारी राहून राहून आलेले. मोंढ्यातला माणूस सुटे शब्द शिकत नाही, प्रसंगासकट अख्खं वाक्य उचलतो, लगेच वापरतो, चुकलं तर समोरचा हसतो, आणि दुसऱ्या दिवशी तो बरोबर बोलतो.

आता तुम्ही म्हणाल, मोंढ्यात तेलुगू ऐकू येते, इंग्रजी कुठून यायची? अगदी बरोबर. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी एकाही रस्त्यावर कुणी इंग्रजीत भाजी विकत नाही. इंग्रजी आपल्या आसपास नाही, म्हणून तर सरावाची गरज आहे. पण तो सराव मोंढ्याची नक्कल करणारा हवा. प्रसंग, अख्खं वाक्य, लगेच उत्तर.

शब्द किती लागतात, याचाही थोडा हिशेब बघू. मायकेल वेस्ट नावाचा एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ब्रिटिश काळात ढाक्याला होता. बंगाली मुलांना इंग्रजी शिकवताना त्याच्या लक्षात आलं, की पुस्तकांत भलभलते शब्द येतात आणि रोजचे शब्द पक्के होत नाहीत. त्याने पुढे नेहमीच्या वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातले दर पाचातले साधारण चार शब्द या २००० शब्दकुळांतले असतात. पुढे पॉल नेशन या न्यूझीलंडच्या अभ्यासकाने २००६ मध्ये हिशेब मांडला, की कुणाच्या मदतीशिवाय वर्तमानपत्र किंवा कादंबरी वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात, आणि बोलणं समजायला सहा-सात हजार. तेव्हा शब्द वाढवायला हवेतच, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण पहिल्या दोन हजारांतले 'गेट', 'टेक', 'पुट', 'मेक', 'रन' हे शब्द आपल्याला 'येतात' असं समजून आपण पुढे पळतो, तिथे फसगत होते.

मराठीतलंच उदाहरण घ्या. 'खाणे' म्हणजे 'ईट' एवढंच पाठ केलेल्या परदेशी माणसाला भाव खाणे, मार खाणे, हवा खाणे, पैसे खाणे यातलं काय कळणार? तसंच 'टेक' म्हणजे 'घेणे' एवढ्यावर थांबलेल्या आपल्याला 'टेक आफ्टर', 'टेक ओव्हर', 'टेक इट अप विथ हिम' अडवतात. खरे वाक्प्रचार हेच आहेत, साध्या शब्दांच्या पोटात लपलेले. आणि आपण सॉफ्टवेअरवाले तर 'लॉग इन', 'रोल बॅक', 'सेट अप' दिवसातून पन्नास वेळा म्हणतो. ते कधी पाठ केलं होतं का?

अर्थ माहीत असून वापर चुकला की काय होतं याचा ऑफिसमधला नमुना म्हणजे 'आय हॅव अ डाउट'. आपल्याला म्हणायचं असतं, 'एक विचारायचं होतं'. अमेरिकेतल्या क्लायंटला ऐकू येतं, 'तुमच्या म्हणण्यावर माझा विश्वास बसत नाही.' शब्दकोशात 'डाउट' म्हणजे शंका हे बरोबरच आहे. पण आपली 'शंका' आणि त्यांचा 'डाउट' यांचे सोयरे वेगळे. हे यादीतून कळत नाही, वाक्यातूनच कळतं. (बाकी 'प्रीपोन'बद्दल मला काही लाज वाटत नाही. शब्द उपयोगाचा आहे आणि इंग्रजी शब्दकोशांनीही तो घेतलाय.)

आपल्या पणजोबांच्या पिढीला हे कळत होतं बहुतेक. मुंबई इलाख्यात तेव्हा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला चालायची. तिचा गाभा वाक्यांचा होता. आधी थोडे शब्द, मग त्यांची वाक्यं मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायची, पाठ चढत्या क्रमाने. वाक्यं आज वाचली तर जुनाट वाटतात, पण रोजच्या अभ्यासाचं माप म्हणून त्यांनी सुट्या शब्दाऐवजी वाक्य धरलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

तर मंडळी, नुसती टीका करून सोडत नाही. रोज अर्ध्या तासाचा माझा नुस्खा असा.

पहिली दहा मिनिटं जुनं आठवायचं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं आधी भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवायचं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवायचं. १९७२ मध्ये सेबास्टियन लाइटनरने यासाठी साधा खोका सुचवला. खोक्यात कप्पे, चिठ्ठी बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की परत पहिल्या कप्प्यात. पुढचा कप्पा जास्त दिवसांनी उघडायचा. १९८७ मध्ये पोलंडच्या पिओत्र वोझ्नियाकने याचाच संगणकावरचा अल्गोरिदम लिहिला, आणि २००६ मध्ये आलेलं 'अँकी' हे फुकट सॉफ्टवेअर त्याच वंशातलं. फोनवर ते वापरा, नाहीतर मिठाईचा रिकामा खोका घ्या, फरक पडत नाही. फक्त चिठ्ठीवर एकटा शब्द लिहायचा नाही. एका बाजूला मराठीत प्रसंग: 'पेट्रोल संपलं म्हणून उशीर झाला, असं साहेबांना सांग.' दुसऱ्या बाजूला अख्खं इंग्रजी वाक्य. आणि उत्तर मनातल्या मनात द्यायचं नाही, मोठ्याने द्यायचं. रूममेट हसला तर हसू दे.

दुसरी दहा मिनिटं नवीन काही ऐका किंवा वाचा. क्रिकेटची कॉमेंट्री, पाककृती, तुमच्या कामाचं एखादं भाषण, काहीही, पण तुम्हाला मुळात रस असलेलं. त्यातून तीनच तुकडे उचला. शब्द नव्हे, दोन-तीन-चार शब्दांचे तुकडे. आणि प्रत्येकाचं स्वतःच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य करा. दहा शब्दांऐवजी तीन तुकडे म्हणजे फारच कमी वाटतं ना? वर्षाला हजारच्या वर होतात, आणि ते तोंडात राहतात.

शेवटची दहा मिनिटं बोलायचं. विषय आपल्या घरातला घ्या. जलदूत रेल्वे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप, घरातल्या मोठ्यांनी सांगितलेला. आईचा दिवस. कालचा बिघडलेला रिलीज. फोनवर रेकॉर्ड करत चार मिनिटं बोला, मग तेच तीन मिनिटांत, मग तेच दोन मिनिटांत. ही युक्ती भाषा शिकवणाऱ्यांमध्ये चांगली मुरलेली आहे. तिसऱ्या वेळी अडखळणं कमी झालेलं तुमचं तुम्हालाच ऐकू येतं. जिथे अडलात ती जागा म्हणजे उद्याची चिठ्ठी. ही खरी लातूर पॅटर्न चाचणी, फक्त पेपर आपणच काढायचा.

यावर दोन आक्षेप हमखास येतील. पहिला, 'आता एआय मेल लिहून देतंय, भाषांतर करतंय, मग एवढा खटाटोप कशाला?' मेलपुरतं खरं आहे. मीही वापरतो. पण मीटिंगमध्ये कुणी मधेच तोडून प्रश्न विचारला, किंवा जेवायला बसल्यावर शेजारच्याने 'तुमचं गाव कसं आहे?' विचारलं, तर तेव्हा फोन काढून टाइप करत बसणार का? उलट एआयला सरावाचा जोडीदार करा. त्याला म्हणा, तू माझा इंटरव्ह्यू घे, माझी वाक्यं दुरुस्त कर. ज्याच्या घरी इंग्रजी बोलणारं कुणी नाही त्याला रात्री अकरा वाजता न कंटाळता बोलणारा कुणीतरी पहिल्यांदाच मिळालाय.

दुसरा आक्षेप जास्त जिव्हाळ्याचा. 'एवढं इंग्रजी कशाला, मराठीचं काय?' नीट परीक्षा २०१७ पासून मराठीतही देता येते, यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, आणि हे योग्यच आहे. इंग्रजी म्हणजे हुशारी नव्हे, हे ठणकावून सांगायला हवं. पण म्हणूनच मला यादीचा राग येतो. यादी शिकवते की तुझं रोजचं जगणं इंग्रजीत सांगण्यासारखं नाही, तू आधी साहेबाची मांजरं-कुत्री पाठ कर. मी सांगतोय त्या सरावात विषय मराठवाड्याचा, अनुभव तुमचा, फक्त भाषा आणखी एक. 'काय करायलास?' म्हणणारी जीभ ठेवूनच 'व्हॉट आर यू अप टु?' म्हणता येतं. मोंढ्यातला मुनीम तेलुगू बोलतो म्हणून त्याची मराठी कुठे गेली?

इंग्रजी घरातच असलेली मुलं पुढे असतात, कारण त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. ती दहा-पंधरा वर्षांची आघाडी एका यादीने भरून निघणार नाही, अर्ध्या तासानेही महिन्याभरात निघणार नाही. पण वर्षभर रोज एक गोष्ट न चुकता करणं, हे मात्र आपल्या पोरांना कुणी शिकवायला नको. ते त्यांना बारावीतच आलेलं असतं.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणी लातूर-नांदेडहून पुण्याला नवीन आलेलं असेल, तुमच्या पीजीत, टीममध्ये, तर त्याला आणखी एक शब्दसंग्रहाचं पुस्तक भेट देऊ नका. रोज चहाच्या वेळी दहा मिनिटं त्याच्याशी इंग्रजीत गप्पा मारा, त्याच्या गावाबद्दल विचारा, आणि तो अडखळला तर वाक्य त्याच्या तोंडून काढून घेऊ नका, थांबा. त्याचं त्याला सुचू द्या. बघा करून. सोमवारपासूनच करा, उगीच एक तारखेची वाट बघू नका :)